माशांना आला आहेर

बहगतचा हात देवानं घडवला तोच तळवा खाली करून. मागण्यासाठी वर झालेला तो हात कफर झुरैक गावात कुणी पाहिला नव्हता. पाहिला तो ओतताना, वाढताना, उधळताना. दारावरून माणूस गेला तर त्याला चहा, माणसामागून कुत्रं गेलं तर त्याला भाकरी, आणि कुत्र्यामागून नुसता वारा आला तरी बहगत त्याला म्हणणार, "वल्ला, काही खाल्ल्याशिवाय जायचं नाही!" शपथ घालून खाऊ घालणं हा त्या मुलखाचाच स्वभाव. पण इतरांच्या शपथेला दोनदा नको-नको म्हटलं की सुटका होते. बहगतच्या शपथेतून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे पोटभर जेवून उठणं.

अशा माणसाच्या नशिबी धंदा आला मासे पाळायचा.

बापाच्या भाताच्या खाचरात त्यानं तळं खोदलं. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला बोरूचं बेट, आणि मधे ते हिरवट, जाडसर, सुखवस्तू पाणी. त्यात बुल्टी मासे. सकाळी टोपली घेऊन बहगत बांधावर आला की त्याच्या पावलांची चाहूल माशांना आधी लागायची. पाण्याला उकळी फुटायची. शेपट्या, पाठी, उघडी तोंडं, सगळी एकावर एक. बहगत मूठ टाकायचा, आणखी एक टाकायचा, मग टोपली उपडी करायचा आणि बांधावर उकिडवा बसून बघत राहायचा. "खा बाबांनो, खा. तुमच्या बापाच्या घरात काही कमी नाही."

आणि दरवर्षी अबीब महिना सरून भर उन्हाळ्याचा मिसरा लागला, ऊन पाण्यावर बूड टेकून बसलं, की तळ्यावर अवकळा यायची. आधी एखादा मासा तिरका पोहायचा. मग पोटावर लाल ठिपके, डोळे बटाट्यासारखे वर आलेले. मग पांढरी पोटं वर करून तरंगणारी रांग. बहगत औषध आणायचा, खाण्यात कालवायचा, काकुळतीला यायचा. पण आजारी मासा तोंडच उघडत नाही, त्याला औषध घालणार कुठून? गावात म्हण पडली होती की मिसरात कालवा भरतो आणि बहगतचं तळं रडतं. चार दिवस तोही रडायचा. पाचव्या दिवशी नवी पिल्लं आणायच्या गोष्टी करत शेजाऱ्यांना चहाला बोलवायचा.

हे असंच चालायचं, पण त्या वर्षी नवाराचं लग्न ठरलं.

नवारा ही बहगतची एकुलती मुलगी. नवरा मुलगा हिलाल, बुरुल्लुस सरोवरावरच्या कोळ्यांचा. त्याचा बाप शिनावी होडीवाल्यांचा म्होरक्या, म्हणून सगळे त्याला रईस म्हणत. खारट वाऱ्यानं रापलेला, बोलायला तिखट. सरोवरातली बोई मासळी खाऊन वाढलेल्या या माणसाच्या लेखी तळ्यातला मासा म्हणजे खाटेवर बसून भाकरी तोडणारा घरजावई. फातिहा वाचून लग्न पक्कं झालं त्या दिवशी बहगतनं बदक मारलं होतं, कबुतरं भरली होती, भाताचा डोंगर रचला होता. रईस शिनावीनं पोटभर खाल्लं, हात पुसले आणि विचारलं,

"काय हो बहगत, मासेवाल्याच्या घरी मासा कसा नाही?"

"पुढच्या वेळी, रईस! पुढच्या वेळी!"

"पुढच्या वेळी म्हणजे मिसराच्या आत आलं पाहिजे. मिसरात म्हणे तुमचे मासे उताणे पोहतात. आकाशातले ढग मोजत असतील, नाही?"

बैठकीत हशा पिकला. बहगतही हसला, पण हसता हसता त्याचं तोंड सुटलं. ताडकन उभा राहून तो म्हणाला, "लग्न मिसरातच! मिसराच्या शेवटच्या गुरुवारी! आणि पंगतीत मासा माझ्याच तळ्याचा. माझा मासा ताटात नसला तर मी पोरीच्या वरातीत पाऊल ठेवणार नाही. अल्लाची शपथ, नाही ठेवणार!"

आतल्या दारात बहगतची बायको इन्शिराह हातात चहाचं तबक घेऊन उभी होती. तिनं तबक तसंच परत आत नेलं.

पाहुणे गेल्यावर नवारा बापासमोर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाची दोरी तुम्ही माशाच्या शेपटीला बांधलीत. मासा उताणा झाला तर मला निरोप कोण देणार? बदक?"

"अगं, जिभेवर शब्द आला..."

"तुझ्या जिभेवर शब्द येतो आणि आमच्या डोक्यावर छप्पर राहत नाही," इन्शिराह म्हणाली. "अबू नवारा, नवाराचा बाप तू, शपथ घेतली आहेस तर आता निस्तर."

निस्तरायला गेली ती मात्र इन्शिराहच. दुसऱ्याच दिवशी बहगतला पुढे घालून ती शहरातल्या मत्स्य-दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर नेर्मीन ठेंगण्या, चष्मेवाल्या आणि शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, जंतू तुमच्या तळ्यात बाराही महिने असतात. उन्हानं मासा थकला, त्याच्या अंगातला पहारेकरी पेंगला, की ते आत शिरतात. तुम्ही दरवर्षी चोरी झाल्यावर कुलूप घेऊन धावता. यंदा आधीच पहारेकऱ्याला उठवू या."

"उठवू या! कसं उठवायचं ते सांगा, मी ढोल घेऊन येतो!"

"ढोल नको. लसूण, कलौंजी आणि पावाचं खमीर. बारीक करून खाण्यात मळायचं, सावलीत वाळवायचं. ऊन चढायच्या आधी काही दिवस द्यायचं, मग थांबायचं, मग पुन्हा थोडे दिवस. थांबणं विसरू नका. रोज रोज 'चोर आला' म्हणून ओरडलं की पहारेकरी दमतो आणि खरा चोर येतो तेव्हा झोपतो. आणि उन्हाच्या दिवसांत अर्धपोटी. काका, ऐकताय ना? अर्धपोटी."

बहगत मान डोलवत होता. डॉक्टरबाईंचं बोलणं त्यानं निम्मं ऐकलं. जे निम्मं वाढण्याचं होतं ते काळजात जाऊन बसलं. जे निम्मं थांबण्याचं होतं ते कानाला वारा घालून निघून गेलं.

घरी येताच अंगणात कामाची दंगल उडाली. पितळी खलात लसूण कुटली जाऊ लागली, धण्-धण्-धण्, आणि तो आवाज ऐकून शेजारणी धावत आल्या, कारण त्या गावात खल असा वाजतो तो बाळाच्या सातव्या दिवशी. "कोण बाळंतीण झाली गं?" करत तफीदा मावशी सगळ्यांच्या पुढे. पदर तोंडावर घेऊन ती मागे सरकली. "अगाई! हे बाळ आहे की लसणाचं शेत?"

"नवाराच्या लग्नाचे मासे आहेत, मावशी," बहगत खल थांबवून म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात सगळे बाहेर होते. "त्यांना ताकदीचं खाणं! कलौंजी, लसूण, खमीर! मिसरात रोग आला तर माझा मासा त्याला थोबाडीत मारून परत पाठवणार!"

"कलौंजी? बरकतीचं बी?" तफीदा मावशीचे डोळे चमकले. "मग हे बाळंतिणीचंच झालं की!"

बायका बाह्या सरसावून बसल्या. कुणी खमीर भिजवलं, कुणी कोंडा चाळला. लग्नातली गाणी सुरू झाली. नवऱ्या मुलीच्या मेंदीचं गाणं होतं, त्यात मेंदीच्या जागी लसूण घालून तफीदा मावशीनं ते असं म्हटलं की इन्शिराह हसता हसता कोंड्यात आडवी झाली. संध्याकाळपर्यंत सारं गाव लसणानं दरवळत होतं. मशिदीतून परतणारे म्हातारे दारात थबकून विचारत, "जेवायला काय आहे आज?" आणि बहगत त्यांना आत ओढत होता.

पहिले काही दिवस मासे त्या खाण्यावर तुटून पडले. त्यांच्या पाठी काळ्याभोर झाल्या, अंगावर तुकतुकी आली. इन्शिराह म्हणाली, "आता थांब. डॉक्टरबाई म्हणाल्या थांबायचं."

"उद्यापासून," बहगत म्हणाला. "आज बघ, कसे आशेनं बघतायत."

ते उद्या उगवायच्या आधीच एक गोष्ट घडली. तशी ती फक्त कफर झुरैकातच घडू शकली असती.

तिथली रीत अशी की ज्याच्या घरी लग्न, त्याच्याकडे आहेर जातो, आणि आहेर परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. तफीदा मावशीला वाटलं की लग्न नवाराचं, मासे लग्नाचे, मग माशांनाही आहेर नको का? तिनं घरी लसूण-कलौंजीची कणीक मळली, वर तूप सोडलं, ताट रुमालानं झाकलं आणि डोक्यावर घेऊन गात गात बांधावर आली. तिच्या ताटामागे दुसरीचं ताट, दुसरीमागे तिसरीचं. कुणी तीळ घातले, कुणी मध घातला, एकीनं तर लग्नाचं म्हणून पिस्ते घातले. दुपारपर्यंत बांधावर बायकांची रांग लागली. जीभ नाचवत किलकाऱ्या, टाळ्या, "नवाराच्या माशांना आमच्या घरचं!" आणि मुठी पाण्यात.

इन्शिराह नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "अरे, थांबव त्यांना!"

"आहेर आहे, उम्म नवारा! आहेराला नाही कसं म्हणू?" बहगतचा आनंद गगनात मावत नव्हता. त्याच्या माशांना आजवर कुणी सोयरं मानलं नव्हतं. तो प्रत्येक ताटाला वाकून दुवा देत होता, आणि ताट रिकामं करणारीला वर म्हणत होता, "वल्ला, एक मूठ आणखी!"

मासे खात राहिले. मग खाणं उरलं. मग ते तळाशी बसलं आणि वर तुपाचा तवंग पसरला. दिवसभर ऊन त्यावर तापत राहिलं.

पहाट फुटली तेव्हा बहगत टोपली न घेता बांधावर गेला आणि जागच्या जागी थिजला. पाण्याला उकळी नव्हती. सगळे मासे वर आले होते, तोंडं पाण्याबाहेर, आणि त्या हजारो तोंडांची बारीक चुप्-चुप् ऐकू येत होती, जणू तळंच धापा टाकत होतं. काठाशी काही पोटं पांढरी झाली होती.

"इन्शिराह!" त्याची हाक बोरूच्या बेटातून आरपार गेली.

इन्शिराहनं आधी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि तो बहगतच्या कानाला टेकवला.

"काका, हा रोग नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही मेजवानी आहे. उरलेलं कुजतंय आणि पाण्यातली हवा खातंय. मासे गुदमरतायत. ताजं पाणी सोडा, वरचा तवंग काढा, आणि पाण्याचा वरचा थर हलता ठेवा. तळचा गाळ उसळू देऊ नका. मी निघालेच."

डिझेलचा पंप लावला, पण कालवा रोडावलेला, पाणी करंगळीएवढं येत होतं. पाणी घुसळायचं चाक होतं, तर वीज गेलेली. गावातली तरुण मुलं उड्या मारायला निघाली, त्यांना इन्शिराहनं ओरडून मागे ओढलं, "गाळ! गाळ उसळेल!" बहगत डोकं धरून बांधावर बसला.

"वरच्यावर पाणी कोण हलवणार? पाखरं?"

इन्शिराह म्हणाली, "रईस शिनावी."

"नाही! अगं, मेलो तरी चालेल! तो हसेल!"

"हसू दे. हसणाऱ्याच्या हातात वल्हं असलं म्हणजे झालं," म्हणत तिनं रईसला फोन लावला.

सरोवर काही फार लांब नव्हतं. टेम्पो आले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. टेम्पोंवर उथळ, सपाट बुडाच्या होड्या बांधलेल्या, त्यांच्यात लांब काठ्या आणि कोळ्यांची पोरं. सरोवरावर बोई जाळ्यात हाकायला ते पाणी बडवतात. होडीत उभं राहून काठी आडवी मारायची. पाणी वर उडतं, तळाला धक्का लागत नाही. रईस शिनावी उतरला, त्यानं तळं पाहिलं, नाक वर करून वास घेतला.

"बहगत, तळ्यात भाजी फोडणीला टाकलीस की काय?"

"रईस, आज थट्टा नको."

"थट्टा नाही करत. भूक लागली मला." मग त्यानं झब्बा कमरेला खोचला आणि आवाज चढवला. "पोरांनो, होड्या घाला! वरच्यावर! तळाला काठी लावेल त्याला मी तळाला लावीन!"

आणि काठ्या पाण्यावर पडू लागल्या. फाट्! फाट्! फाट्! पाण्याची झुंबरं उठली, त्यांत ऊन शिरलं आणि तळ्यावर तुटकी तुटकी इंद्रधनुष्यं पडली. काल किलकाऱ्या मारणाऱ्या बायका आज चाळणी घेऊन काठचा तवंग ओढत होत्या. तफीदा मावशी रडत रडत, "माझं तूप गं, माझंच ते तूप," म्हणत सगळ्यांत जास्त ओढत होती. कुणाला तरी राहवलं नाही, त्यानं ढोल आणला. काठ्यांना ठेका सापडला. रईस शिनावी होडीच्या टोकावर उभा राहून ठेक्यात पाणी बडवत होता. हिलाल पलीकडच्या होडीत होता आणि बांधावरून नवारा ओरडत होती, "अरे जोरानं! काल जेवला नाहीस का?" लग्नाआधी नवऱ्याला असं ओरडणं बरं दिसत नाही, पण त्या सकाळी कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. बहगतही एका होडीत चढला. त्याला तोल सांभाळता येईना. एक फटका पाण्याला, एक स्वतःला, एक शेजारच्या पोराच्या टोपीला. चिंब भिजून तो हसत होता की रडत होता ते पाण्यामुळे कळत नव्हतं.

डॉक्टरबाई पोचल्या तेव्हा मासे खाली गेले होते.

त्यांनी जाळ्यात काही मासे घेतले, उलटून पाहिले, कल्ले उघडून पाहिले. बहगत श्वास रोखून उभा.

"यांच्या अंगात ताकद आली आहे, काका. कमकुवत असते तर पहाटेच गेले असते. आता यांना एकटं सोडा. स्वतःहून मागतील तेव्हाच द्या, आणि तेही थोडं. पुढची मात्रा मी सांगेन तेव्हा." आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "टोपली कुणाच्या हातात राहणार?"

सगळ्या गावानं इन्शिराहकडे बोट दाखवलं.

पुढचे दिवस बहगतच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. मासे काठाशी यायचे, तोंड उघडायचे आणि तो दोन्ही हात काखेत घट्ट धरून उभा राहायचा. "बघतायत माझ्याकडे," तो कण्हायचा. "बघू दे," इन्शिराह म्हणायची आणि मोजकी मूठ टाकायची. कुणी बाई झाकलेलं ताट घेऊन दुरून दिसली की बहगत स्वतः धावत बांधाच्या तोंडाशी जायचा. हात पसरून उभा राहायचा आणि आयुष्यात जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हणायचा, "नको, ताई! वल्ला, पोट भरलंय त्यांचं!" घरी येऊन मग त्याला चहा घ्यावा लागे, इतका तो शब्द अंगावर येई.

आणि मिसरा आला. ऊन पाण्यावर बूड टेकून बसलं. पलीकडच्या एका तळ्यावर मासे तिरके पोहू लागले, तिथल्या मालकाला बहगतनं स्वतः नेऊन डॉक्टरबाईंसमोर उभं केलं. बहगतच्या तळ्यात एखादा मासा लाल ठिपका घेऊन दिसला, दुसऱ्या दिवशी तो ठिपका फिका झाला, आणि नंतर तो मासा ओळखूच येईना इतका इतरांसारखा झाला. विचारणाऱ्यांना इन्शिराह सांगे, मात्रा ठरल्याप्रमाणे दिली, मग थांबलो, मग पुन्हा दिली. बहगत ते तिच्या मागे उभं राहून ऐके, जणू कुणा दुसऱ्याच्या तळ्याची गोष्ट आहे.

गुरुवार उजाडला. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवले होते, जाळं लावायचं तर तसंच करावं लागतं. त्या उपवासानं माशांपेक्षा बहगत जास्त वाळला होता. सकाळी जाळं ओढलं आणि तळं वर आलं. जाड, चकचकीत, संतापलेले बुल्टी. एक उडाला तो सरळ तफीदा मावशीच्या मांडीत. "मला ओळखतो हा! माझं तूप खाल्लेला!" ती किंचाळली. मासे कोंड्यात घोळवून निखाऱ्यावर पडले, धूर कालव्यापार गेला, भाताची पातेली उतरली, ढोल वाजू लागला.

पंगतीत रईस शिनावीपुढे पहिलं ताट. सगळ्यांची बोटं थांबली. रईसनं मासा बोटानं दाबून पाहिला, कणा एका ओढीत अख्खा सोडवला, तो ताटाच्या कडेला ठेवला आणि खायला लागला. बहगत त्याच्या समोर उकिडवा बसला होता, घाम पुसत. ताटात काट्यांची स्वच्छ नक्षी उरली. कोळी मासा असा फक्त आपल्या घरचा खातो.

"बहगत," रईस हात पुसत म्हणाला, "ऊठ. पोरीचा हात धर आणि वरातीत चल. माझ्या सुनेचा बाप बांधावर बसलेला मला चालणार नाही."

बायकांच्या किलकाऱ्यांनी छप्पर उचललं. नवारा पांढऱ्या पोशाखात दारात आली, आणि बहगतला काही दिसेना. तो उठला, पण जाता जाता त्याची नजर रईसच्या रिकाम्या ताटावर गेली. हात आपोआप परातीकडे वळला.

"पुरे, भावा, पुरे!" रईस दोन्ही हात ताटावर आडवे धरत ओरडला. "थांबायचं असतं म्हणे! अर्धपोटी!"

"ते माशांना!" बहगत म्हणाला, आणि दोन बोटांच्या फटीतून दुसरा मासा त्याच्या ताटात घातला. मग तिसरा. "तू पाहुणा आहेस. वल्ला, खाल्ल्याशिवाय वरात निघायची नाही!"

आणि मग, एका हातात परात आणि दुसऱ्या हातात पोरीचा हात धरून, बहगत वाढत वाढत वरातीत निघाला.